भोयर बाईंचं वावर

देवळीच्या बाजारात मी वांगी निवडत होतो. निवडत होतो म्हणजे, चांगली वांगी वर आणि किडकी खाली का असतात यावर प्रतीक्षाला भाषण देत होतो. प्रतीक्षा ही माझी नाचणगावच्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी, आता घरचा भाजीपाला घेऊन बाजाराला बसते. तिनं तराजू खाली ठेवला. “सर, भोयर बाई गेल्या. तुमाले कोणी सांगतलं नाई?” मला कोणी सांगितलं नव्हतं. का सांगितलं नसावं हे मला ठाऊक होतं… पण त्या दिवशी वांगी न घेताच घरी आलो आणि बायकोला म्हणालो, आज बाजारच भरला नाही.

मी थापाड्या माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. शाळेत मी खेळ शिकवत असे. माझी शिट्टी पुलगावच्या स्टेशनात ऐकू जाते आणि सुटायला निघालेली गाडी तिथंच थांबते, असं मी स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं सांगितलं. बाकीचे हसत. मराठीच्या भोयर बाई हसत नसत. वह्या तपासता तपासता विचारत, “मालगाडी का पॅसेंजर?” मी म्हणायचो, पॅसेंजर. “मंग गार्डानं शिट्टी कशी ऐकली? त्याची सोताची त वाजून राह्यली असन.” माझी थाप त्या परीक्षेतल्या उताऱ्यासारखी वाचत आणि तिच्यातली भोकं मलाच दाखवत. गोष्ट पक्की करून देत असत म्हणा ना. दुसऱ्या दिवशी मी तीच थाप दुरुस्त करून आणत असे.

वर्गातही त्यांचं हेच. भिंतीवर एक मोठा कागद होता, त्याला दोन रकाने: आपला शब्द आणि पुस्तकातला शब्द. आपला सांबार, पुस्तकातली कोथिंबीर. आपलं भेदरं, पुस्तकातला टोमॅटो. पोरं घरून शब्द आणत, बाई त्यांची जोडी लावत. चुकीचा शब्द असं त्या रकान्यावर कधी लिहिलं नाही. त्या स्वतः बोलत आपल्या बोलीत आणि लिहून घेत पुस्तकातल्या भाषेत. मी त्यांना एकदा म्हणालो, “बाई, पोरं दोन्हीकडची राह्यतीन, एकीकडचीबी नाई होनार.” बाई म्हणाल्या, “तुमी दोन पायांवर धावता न सर? मले त एकावर धावणारा कोणी दिसला नाई.”

मग ती सहामाही आली. आमच्या संस्थेच्या सगळ्या शाळांना पेपर एकच, आणि आदर्श उत्तरंही छापून येत. उताऱ्यात वाक्य होतं: आजोबा जाऊन महिना झाला, तरी घरात त्यांचा वावर जाणवत होता. प्रश्न होता, या वाक्यातून तुम्हाला काय समजते? आपल्याकडे वावर म्हणजे शेत. अख्ख्या वर्गानं घरात शेत घातलं. कोणी ओसरीत तूर पेरली, कोणी स्वयंपाकघरात बैलजोडी नेली. (बैलजोडी मी आत्ता घातली, तूर खरी आहे.) प्रतीक्षा तेव्हा आठवीत होती. तिनं लिहिलं, ‘आजोबा वारल्यावर घरच्यांना त्यांचे वावर जाणवू लागले, कारण आता हिस्से पडणार होते.’

बाईंनी ते स्टाफरूममध्ये उभं राहून वाचलं. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, तो वावर आणि ते वावर. लिंग तरी पाहा.” “पाह्यलं न. लिंगाचा अर्धा गुण कापला म्या. बाकी साडेतीन देले.” “आदर्श उत्तर वेगळं आहे.” “असन. पण घरात माणूस मेल्यावर काय होते हे त्या पोरीनं वाचलं. तुमच्या आदर्शानं नाई वाचलं.” आम्ही सगळे हसलो. मी तर टेबल बडवून हसलो. मुख्याध्यापक हसले नाहीत. बाईंनी गुण बदलायला नकार दिला आणि वर संस्थेला अर्ज केला, की या भागात हा अर्थही ग्राह्य धरावा. एकाचं उत्तर आलं नाही म्हणून दुसरा, मग तिसरा.

तिसऱ्या अर्जानंतर मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. चहा मागवला. “गावंडे सर, देवळीच्या शाळेत जागा रिकामी होऊन राह्यली. तुमचं घर तिथंच, नाई का? बाईंच्या शिकवण्याबद्दल दोन ओळी लिहून द्या. सहकाऱ्याचं मत म्हणून, बस.” मी रोज बसनं नाचणगावला जात असे, आणि त्या प्रवासातल्या हालांच्या इतक्या कहाण्या रचल्या होत्या की माझाच त्यांच्यावर विश्वास बसला होता. दोन ओळी लिहिल्या. जन्मभर फुगवून बोलणारा माणूस, पण त्या दोन ओळी अशा सरळ, कोरड्या उतरल्या की कोणालाही खऱ्या वाटाव्यात.

मला देवळी मिळाली. बाईंकडून मराठी काढून घेतलं आणि ग्रंथालयाच्या कपाटाची चावी दिली. निवृत्तीपर्यंत त्यांनी पुन्हा एकही उतारा शिकवला नाही. भिंतीवरचा कागद रंगकामात गेला, असं ऐकलं. मी त्यांच्याकडे गेलो नाही. वेळ नव्हता, असं मी सांगत आलोय.

नाचणगावच्या शाळेतल्या शोकसभेत त्याच, आता निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांनी ‘मराठीच्या निष्ठावंत सेविका’ असं म्हटलं, आणि मला बोलायला उभं केलं. मी शिट्टीची गोष्ट सांगितली. लोक हसले. कोणी विचारलं नाही, मालगाडी का पॅसेंजर…

पुढच्या बाजाराला प्रतीक्षानं पोत्याखालून एक फाईल काढली. शेवटची वर्षं ती बाईंकडे वाचायला जात होती, म्हणून बाईंच्या घरच्यांनी कागदपत्रं तिलाच दिली. अर्जांच्या प्रतींमध्ये, मराठी काढून घेतल्याच्या आदेशाला जोडलेली, माझ्या दोन ओळींची प्रत होती. ‘भोयर बाई वर्गात अशुध्द बोलतात. त्यामुळे मुलांची भाषा बिघडते.’ खाली माझी लफ्फेदार सही. ‘अशुध्द’ या शब्दाभोवती लाल गोल होता आणि वर बाईंच्या अक्षरात नीट लिहिलं होतं: अशुद्ध. मी कागद उलटा केला. मागं काही नव्हतं.

“सर, हे तुमीच लिवलं का?”

“सही तर माझीच दिसून राह्यली.”

“म्या बाईले इचारलं होतं, एकच शब्द काऊन तपासला, बाकीचं काऊन नाई.” तिनं समोरच्या गिऱ्हाइकाला पावशेर मिरच्या जोखून दिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. “त बाई म्हणे, बाकीचं सराले समजते.”

मला काहीतरी सांगायचं होतं. गाडी चुकल्याचं, आजारपणाचं, मुख्याध्यापकांनी हात धरून लिहून घेतल्याचं… तोंडाशी चार गोष्टी आल्या आणि चारींमधली भोकं मलाच दिसली. मी कागद घडी करून तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही.