बायकोच्या गळ्यातलं बुखाऱ्याचं नाणं
मला उर्दू येतं, असा माझा समज होता. निजामाच्या वेळच्या घरच्या जमिनीच्या कागदांवरची चार अक्षरं ओळखायची, एवढंच भांडवल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इचोड्याच्या धाब्यावर एका ट्रकवाल्यानं भंगारातलं एक पितळी नाणं मला दिलं आणि मी क्षणात निकाल दिला : निजामाचं.

आमच्या महाराष्ट्र-आंध्र सरहद्दीवरच्या गावांत निजामाचा शिक्का डबीत ठेवत नाहीत. सोनाराकडून कडी बसवून बायकांच्या माळेत ओवतात. बायकोनं विचारलं, "निजामाचा त चांदीचा असते, हा पितळेचा काऊन जी?" मी मास्तर, तिलाही इतिहास शिकवला. कडी बसली.

पुढे आदिलाबादेत नाण्यांचं प्रदर्शन भरलं. मला नाणी जमवायचा नाद; तिथं आपलं एक टेबल असावं, ही माझी जुनी हाव. अर्धं मिळालं. नागपूरचे व्यवस्थापक माझी नाणी बघून जांभई देत होते, ते शेजारी उभ्या बायकोच्या गळ्यातल्या माळेपाशी थबकले. तिनं माळ काढून दिली. त्यांनी भिंग लावलं.

"गुरुजी, हे बुखाऱ्याचं. तिकडं मध्य आशियात अमिराचं राज्य होतं. शेवटच्या वर्षांत चांदी संपली, तेव्हा त्यानं पितळेवर छाप मारले. मग राज्यही गेलं."

मी मान डोलावली, जणू मला ठाऊकच होतं.

"पण कडी लावून वाट लावलीत. कापा, कानशीनं घासा, मग मधोमध मांडू. असं दागिन्यासारखं चालणार नाही. नाहीतर टेबल सोडा."

खरं सांगतो, मी कानस शोधायला उठलोही होतो. बायकोनं माळ हातात घेतली. "राजाजवळ चांदी नव्हती, तरी त्यानं शिक्का पाडलाच ना? त्याले कोणी पुसलं का, चालते का म्हणून? माह्या गळ्यात पाच वर्सं चालून राह्यला."

मी बसलो. "कडी राहील," म्हणालो.

"मग टेबल नाही."

"राहू द्या," मी म्हणालो.

नाणी गुंडाळून आम्ही बाहेर रस्त्याच्या कडेला आलो. मी खिशातली दस्ती पसरली, माळ मधोमध ठेवली आणि पुठ्ठ्यावर लिहिलं : 'बुखाऱ्याचा शेवटचा अमीर. पितळ. कडी आमची.' बाहेर पडणारे वाकून बघू लागले, तसे व्यवस्थापक धावत आले.

"इथं बसता येणार नाही."

"रस्ता तुमचा आहे काय जी?" बायको म्हणाली आणि दस्तीपाशी जागा करत पुढच्या माणसाला म्हणाली, "या, भाऊ. हात लावून पाहा."