जगाची पंचायत आणि आमचं दार

माझे वडील, अण्णा, गावच्या शाळेत भूगोल शिकवायचे. तेरपासून कोसभरावर आमचं गाव. निजामी राज्यात शिक्षण उर्दूत, म्हणून मौलवीसाहेबांचा शाळेत मान मोठा. दोघंही रोज उन्हं कलली की आमच्या ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसायचे.

पहिल्या महायुद्धानंतर देशांनी मिळून राष्ट्रसंघ काढला, याचं अण्णांना फार अप्रूप. भांडण झालं तर पंचांपुढं यायचं, तलवार काढायची नाही. पुढं जपाननं मांचुरिया घेतला, इटलीनं आफ्रिकेतलं हबसाण घेतलं, संघ नुसते ठराव करत राहिला. दुसरं महायुद्ध पेटलं, विझलं, आणि राष्ट्रसंघाच्या जागी नवी संघटना निघाली.

"पंचाच्या हाती काठी न्हाय, तर ऐकंल कोण, मास्तर?" मौलवीसाहेब म्हणायचे.

"या खेपेला काठी दिलीय," अण्णा सांगायचे.

मी अठरा वर्षांची असताना, अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात, निजाम सरकारनं हिंदी सरकारविरुद्धची आपली तक्रार त्याच संघटनेकडं नेली. इकडं निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावं जाळत होत्या. लोक सरहद्दीवरच्या तामलवाडीवरून सोलापूरकडं, हिंदी मुलखात, पळत होते. आईनं बोचकी बांधली.

"निकाल येऊ दे," अण्णा म्हणाले.

"निकाल यीस्तवर आपण जित्तं ऱ्हायला हवं की!" आई म्हणाली. तरी आम्ही गावातच राहिलो.

भाद्रपदात सोलापूरकडून हिंदी फौज आली. तिकडं तक्रारीवर बोलणी चालली होती, तोवर इकडं राज्यच बुडालं. मग भीतीनं घर बदललं, हिंदूंच्या घरातून ती मुसलमानांच्या घरात गेली. एका दुपारी मौलवीसाहेब आणि त्यांची बायको मागच्या दारानं आमच्याकडं आले. पाठोपाठ कुऱ्हाडी घेतलेला जमाव पुढच्या दारी.

अण्णा उंबऱ्यावर बसले.

"मौलवी आत हाय का?"

"हाय."

आईनं मुसळ उचललं. मौलवीसाहेबांच्या बायकोनं माझं मनगट धरलं, तिची नखं रुतली.

"सरका मास्तर. तुमाला काय करायचं न्हाय."

"त्यांनी काय केलंय ते सांगा. तेरला फौजेचे साहेब हायत, त्यांच्यापुढं बोला. मी संगं येतो. आत जायचं तर मला तोडून जा."

एकानं खांद्यावरची कुऱ्हाड हातात घेतली. तेवढ्यात मागून गावातले वाणी पुढं आले. त्यांचं दुकान टोळ्यांनी उन्हाळ्यात जाळलं होतं, थोरला मुलगा त्यात गेला होता.

"माझं जळलं," ते म्हणाले. "जाळणारे म्या बघितले. त्यात ह्यो मानूस नव्हता."

कडेचे दोघं निघाले, त्यांच्यामागं बाकीचे.

मौलवीसाहेबांनीच अण्णांना हात धरून उठवलं आणि आत आणलं.

दोन्ही कुटुंबं त्या आठवड्यात एकाच चुलीचं जेवली. रस्त्यांवरची धामधूम निवळल्यावर मौलवीसाहेब बायकोच्या माहेरी, हैदराबादला गेले. आईनं तिळाची चटणी आणि भाकरी बांधून दिल्या. गाडी दिसेनाशी झाली तरी अण्णा वेशीत उभे होते.