डावा कौल

ये गो बाय, अशी जवळ ये. पडवीच्या कडेला काय बसतेस परक्या बाईसारखी? आणि ती खांद्यावरची पिशवी आधी खाली ठेव. दोन वर्षांनी आलीस आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आत घड्याळ बघितलंस. मी बघितलं हां. डोळ्यांत मोतीबिंदू असला तरी एवढं दिसतं मला. वर म्हणतेस काय, एवढी बढतीची परीक्षा होऊ दे आजी, मग निवांत राहायला येते. हे 'मग' माझ्या फार ओळखीचं आहे. तुझ्या वयात मीही हेच म्हणत होते, माझ्या आईला.

मघाशी तू विचारलंस, त्या काळात मासळी विकणाऱ्या बाईची मुलगी नर्स कशी झाली. सगळेच विचारतात. आणि मी सगळ्यांना अभ्यासाची गोष्ट सांगते. शाळा चौथीला सुटली, तुझ्या आजोबांची, म्हणजे शहरात कामाला गेलेल्या माझ्या भावाची, जुनी पुस्तकं वाचत घरीच सातवीची तयारी केली, कोळशाने जमिनीवर इंग्रजी अक्षरं गिरवली. ते खोटं नाही. पण त्या गोष्टीत आईचं ताट येत नाही. आज ते सांगते. चहा पी, थंड होतोय.

आमचं घर तेव्हा देवबागेत होतं. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र. बाबा रापणीवर जायचे, म्हणजे किनाऱ्यावरून दहा-वीस जणांनी मिळून ओढायचं ते मोठं जाळं. आई डोक्यावर मासळीचा हारा, म्हणजे मोठी टोपली, घेऊन मालवणच्या बाजारात जाऊन बसायची. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आईकडून मासे घेणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आईला सांगितलं, जिल्ह्याच्या गावी मुलींना दोन वर्षं शिकवून नर्स करतात, राहायची सोयही होते, तुझी मुलगी वाचते ना, पाठव तिला. जिल्ह्याचं गाव तेव्हा रत्नागिरी. आई धापा टाकत घरी आली आणि हारा उतरवायच्या आधी मला हे सांगितलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

बाबांना विचारलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "देवाक इचारा. देव सांगात तसा."

त्यांचं सगळं असंच. होडी घ्यायची असो की सोयरीक करायची असो, आधी कौल. तू कधी बघितला नसशील. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपलं मागणं देवाच्या कानावर घालतो, आणि मग नुसती वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचं हो. डावीकडची पडली तर नाही.

बाबा रापण ओढायला गेले होते, म्हणून आई आणि मी दोघीच गेलो. म्हाताऱ्या गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा, ह्या तुझा लेकरू नर्सचा शिकाक जावचा म्हणता. जावक होया तर उजवो दी, नको तर डावो दी. पण लेकराचा बरा कर."

मी उजव्या पाकळीवरची नजर हलवली नाही. माझ्या बघण्यानेच ती सुटेल असं वाटत होतं. आणि डावी पडली. पाकळी पडायला आवाज कसला येणार, पण आईच्या तोंडून एक श्वास निघाला तो मला ऐकू आला.

"डावो दिल्यान गो," गुरव म्हणाला. "मनाक लावन घेव नको. शिमगो झालो की परत इचारूया."

शिमग्यापर्यंत तिथल्या जागा भरून गेल्या असत्या. तो गुरव मोठा सरळ माणूस, दिलेला कौल देवळाबाहेर कधी बोलायचा नाही. ज्याचा कौल त्याने घरी न्यायचा, हा त्याचा नेम. आई पुढे आणि मी मागे, अशा वाळूतून घरी आलो.

तिन्हीसांजेला बाबा आले, हातपाय धुतले आणि विचारलं, "काय दिल्यान?"

आई चुलीत लाकूड सारत होती. म्हणाली, "उजवो."

मी दारात उभी. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ती लाजून घातली असं त्यांना वाटलं असेल, असंच मी तेव्हा धरून चालले. "बरा झाला," ते म्हणाले, आणि जेवायला बसले. पुढच्याच बोटीने मी रत्नागिरीला गेले. मालवणच्या धक्क्यावर आई हात हलवत होती. मला रडू आलं नाही. मला फक्त पुढचं दिसत होतं.

पहिल्या दिवाळीला घरी आले. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं, त्रिफळं घातलेलं दाट कालवण. बाबांचं जेवण झालं, मग मला वाढलं. म्हटलं, आये, तू पण बस. तर म्हणाली, "मागसून जेवतंय." नंतर बघते तर भाताबरोबर कुळथाची पिठी घेऊन चुलीपुढे बसलेली. दुसऱ्या दिवशीही तेच.

मला त्याचा उलगडा झाला तो शेजारच्या काकीकडून. ती आईच्या शेजारी बाजारात बसायची. "गो, तुझ्या आवशीक सांग काय ता," ती म्हणाली. "मासे इकणारी मासे खायना! काल एका गिरायकान इचारल्यान, मावशे, इसवण गोड आसा मा? तर ही म्हणता, माका ठावक नाय, मी खावक नाय. असा बोलल्यार कोण घेतला? त्या बायेन माझी घेतल्यान. माझो फायदोच, माका काय." आणि पोटभर हसली. मग जरा सावरून म्हणाली, "तुझ्यासाठी नवस केल्यान म्हणतत. मोठी आवस हां तुझी."

बाबाही तेच सांगत होते सगळ्यांना, अभिमानाने. चेडवाच्या शिक्षणासाठी मासळी सोडल्यान. समुद्राकाठच्या माणसाने मासळी सोडायची म्हणजे काय ते तुला शहरात नाही कळायचं.

मी परसात आईला गाठलं. ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "देवाच्या नावान खोटा बोललंय मी. त्या तोंडात मासो कसो घालू? जावया मा दोघी देवळात? देवाक खरा सांगूया, बाबाक पण सांगूया. मगे खातंय."

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "आये, आता नको गो. बाबान माका परत धाडूक नाय तर? पास होवन येतंय, मगे जावया."

"बरा," ती म्हणाली. त्या दुपारी तिने माझ्या ताटात बांगड्याचा आणखी एक तुकडा घातला. मी तो खाल्ला. चांगला झाला होता.

तेव्हा मला खरोखर भीती होती, ते मी नाकारत नाही. बाबांना कळलं असतं तर शिक्षण तिथेच थांबलं असतं, असं मला वाटत होतं. पण मी पास झाले. मग म्हटलं, नोकरी लागू दे. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका गावात नर्स म्हणून लागले. मग म्हटलं, कायम होऊ दे. कायम झाले. तेव्हा डोक्यात वरचा कोर्स शिरला होता. तो झाला की एक प्रसूतिगृह आपल्या हाताखाली हवं, हेही ठरलं होतं. बाळंतीण तपासायला बांधावरून चालत जायची ना, तेव्हा बोटांच्या पेरांवर हे सगळं मोजत जायची मी. पास, नोकरी, कायम, कोर्स, प्रसूतिगृह. त्यातलं एकही मला आज चुकीचं वाटत नाही. पण त्या बोटांवर आईला देवळात न्यायचं पेर नव्हतं.

रजेवर आले की दर खेपेला ती विचारायची, "जावया मा?" आणि माझं उत्तर तयार असायचं. आता बाबांची भीतीही राहिली नव्हती. कमावती होते, कोण अडवणार होतं? पण दोन दिवसांच्या रजेत कुठे हे उकरायचं, असं वाटायचं. शिवाय गावात माझं नाव झालं होतं. देवाने उजवा कौल दिलेली मुलगी म्हणून बायका आपल्या लेकींना माझ्या पाया पडायला लावायच्या. ते मोडायला जीव धजत नव्हता.

पुढे पुढे आईने विचारणं सोडलं. आणि बाय, मला हलकं वाटलं. मला वाटलं, तिला सवय झाली असेल, विसरली असेल.

आणि मी तिकडे काय करत होते? एखादी सासू बाळंतिणीला मासे देत नसली की तिच्यावर तोंड टाकत होते. "बाळंतिणीला अंगात रक्त कुठून येणार? नुसत्या पेजेवर?" असं सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

वरच्या कोर्ससाठी निवड झाली तेव्हा एका रात्रीपुरती घरी आले. दुसऱ्या दिवशी मालवणहून बोट होती. सकाळी आई हारा भरून निघाली, माडाखालची चढण चढताना थांबली आणि सरळ खाली बसली. मी धावले. तिला आडवी केली आणि हाताच्या सवयीने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. पांढरी. आत लालीचं नाव नाही. इतक्या बायकांच्या पापण्या मी बघितल्या होत्या, आणि जिच्या हातचं जेवून येत होते तिची पहिल्यांदा बघितली.

"काय जावक नाय," ती म्हणाली. "तुझी बोट चुकात."

मी त्या बोटीने गेले नाही. तुला म्हणून सांगते, तो कोर्स मला पुढच्या वर्षी मिळाला. काहीही बिघडलं नाही. एक वर्ष उशीर, एवढंच.

तिच्या अंगात जरा ताकद आली तसे आम्ही तिघं देवळात गेलो. गुरव आता वाकला होता, पण होता. बाबांना वाटत होतं, मुलीची निवड झाली म्हणून नारळ द्यायला आलोय. गुरव गाऱ्हाणं घालायला लागला तर आईने त्याला हाताने थांबवलं आणि आपणच बोलली. कौल डावा होता, मी उजवा सांगितला, चेडवाचा त्यात काही दोष नाही. एवढंच. मी मध्ये म्हणाले, "माझो पण दोष आसा," पण ते कोणी ऐकलंसं वाटलं नाही.

बाबांनी पाषाणापुढचा नारळ जरा सरळ केला. मग आईला म्हणाले, "माका त्याच सांजेक कळला होता."

"कसा?"

"तू उजवो म्हणालंस आणि चुलीत लाकडा सारीतच रवलंस. चेडवाक देवान खरोखर होय म्हटल्यान असता तर तू नाचत माका सांगाक रापणीवर इली असतंस."

"मगे बोललात कित्याक नाय?"

"माका पण ता जावक होया होता," बाबा म्हणाले. "म्हटलंय, तू आपणहून सांगतलंस. वाट बघीत होतंय."

गुरवाने पाकळ्या लावल्या. देवाने माफ केलं का, असं विचारलं. उजवी पाकळी अशी पटकन पडली की म्हातारा हसला. म्हणाला, "देव तुमची वाट बघून कंटाळललो."

मी मात्र तिथे उभी राहून दुसराच हिशेब करत होते. त्या पहिल्या दिवाळीला मी नुसतं "चल" म्हटलं असतं, तर हे सगळं त्याच दुपारच्या जेवणात मिटलं असतं.

घरी येताना बाबांनी स्वतः बांगडे आणले. रांधले मी. आई सांगत होती, त्रिफळं ठेच, उकळी येऊ दे, मीठ आता नको. त्या दिवशी आम्ही तिघंही एकदम बसलो, आधी पुरुष, मग बायका असं नाही. आईला मी पहिला तुकडा वाढला. तिने काटा काढला, घास तोंडात घातला आणि चावत राहिली. खूप वेळ चावत राहिली. मग उठली, मागच्या दाराने परसात गेली. चूळ भरल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाली, "वास मारता गो. तुमी जेवा. चांगलो झालो आसतलो."

जन्मभर तो वास डोक्यावरून वाहिलेली बाई. मी आणखी दोन-चारदा करून बघितलं, तिखट कमी घालून, तळून, नुसतं सुकं. नाही गेलं तिला. औषधांनी आणि अंड्यांनी तिचं रक्त भरलं, पुढे पुष्कळ वर्षं जगली. माझं प्रसूतिगृह झालं तेव्हा बाळंतिणींसाठी ताजे मासे तीच निवडून आणायची. पण स्वतः मासा कधी खाल्ला नाही. मला बोलूनसुद्धा दाखवलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "बरा झाला, माझ्या वाटणीचो इकूक गावता."

ती हे बोलून हसायची. मला हसू यायचं नाही.

तर हे असं. तुझ्या परीक्षेला मी नको म्हणत नाही, भरपूर अभ्यास कर, पहिली ये. मला आनंदच होईल. पण ती होईपर्यंत थांबू नकोस. पुढच्या महिन्यात एक रविवार काढ आणि आदल्या दिवशी मुक्कामाला ये. बाजारात मीच जाईन, काठी घेऊन का होईना, बांगडे बघून घेईन. आणि तू आलीस की मी तुला वाढत उभी राहणार नाही हां. दोन्ही ताटं एकदम मांडू. येशील ना गो?