भिंतीवरचा पाय

भिंतीवर पाय दिसला तशी समदी हसली.

आरोग्य केंद्राची मीटिंग व्हती. आमा आशा सेविकांनी मोबाईलवर भरलेले फोटू मशीननं भिंतीवर मोठे करून दावत व्हते. माजा फोटू आला. एक पाय. परातीएवढा. जोडवी बोटात रुतलेली.

"आजी," डॉक्टर मॅडम म्हनल्या, मराठीत, माज्यासाठीच. "गर्भवतीचा चेहरा मागितला होता. ही काय चपलेची जाहिरात आहे?"

मंग तेच हिंदीत सांगितलं. बाकीच्यांना बी हसता यावं म्हनून.

मी चौथी शिकलेली. गाव सोलापूरकडलं. मालक हितं जयपूरजवळच्या कानोत्याच्या धरणावर चौकीदारीला आले, त्यांच्या मागनं मी. हितंच हे काम धरलं. बाळंतपनं, लशी, समदं पायी. डोकं पांढरं झाल्यावर हातात मोबाईल दिला. तो बी शिकले.

मॅडम जयपूर शहरातल्या, वैशाली नगरच्या. मराठी. पयल्यांदा लई बरं वाटलं, आपलं मानूस भेटलं. शेंगदान्याची चटनी कुटून नेली. त्यांनी डबा उघडला न्हाई. "भैया, ये आप ले जाओ," म्हनत ड्रायव्हरला दिला. मला म्हनल्या, "मावशी, असलं घरचं आणत जाऊ नका. स्वच्छतेचा प्रश्न असतो." तवाच कळाया पायजे व्हतं. आपली आपली म्हनून गळ्यात पडनारी मीच येडी.

तर तो पाय सुगनाचा. आठवा म्हयना. सासरा अंगनात खाटंवर बसलेला, सून घुंगट कशी काडंल? आमच्या वस्तीतल्या सुना मी पायावरनंच वळखते.

"काकीसा, मुंह मत खींचो," सुगना घुंगटातनं हसली. "पैर खींच लो. ये भी फूलके मुंह जितना हो गया है."

मी खाली बसले. पावलावर अंगठा दाबून धरला, मंग उचलला. खड्डा पडला. तो काय भरून येईना. असली सूज वंगाळ. फोटूबिगर फारम पुढं जाईना, म्हनून पायाचाच काडला, खड्ड्यासकट. डॉक्टर बगंल, समजंल.

सासरा म्हनला, डॉक्टरनीची चिट्ठी आन, तर दवाखान्यात नेऊ.

म्हनून मी मीटिंगमदी उटले. "मॅडम, तो खड्डा बगा. चिट्ठी द्या."

"आधी चेहऱ्याचा फोटो. तोपर्यंत ही बाई आमच्या नोंदीत नाहीच."

माज्या अंगठ्याचा खड्डा भिंतीवर वाटीएवढा दिसत व्हता. एवढी शिकलेली बाई त्याच्याकडं तोंड करून हुबी, आन तिला तो दिसंना. माजी लाज तितंच सरली. इतकी वर्सं मी कुनाला भीत व्हते? हिला?

मोबाईल तिच्या टेबलावर ठिवला.

"ह्याच्यात न्हाई ती बाई बी पोटुशीच हाय," म्हनले.

"मीटिंग सोडून गेलात तर गैरहजेरी लागेल."

"लावा."

सासऱ्याला खोटं सांगितलं, मॅडमनी आत्ताच न्यायला सांगितलंय. टेम्पोत घालून सुगनाला जयपूरच्या मोट्या दवाखान्यात नेलं. प्रेशर एवढं चढलेलं की नर्स माज्यावरच वराडली, "अब लाई हो?" बराबर वराडली. मी चिट्ठीच्या मागं फिरत बसले.

सुगना वाचली. पोर पोटातच गेलं.

चार दिसांनी मॅडम सोता वस्तीवर आल्या, मी सुगनाच्या घरी व्हते तितं. मोबाईल घिऊन. हसून बोलल्या. "मावशी, मतलब, आपण दोघी मराठी. वरून विचारणा झाली आहे. तो पायाचा फोटो काढून टाका. तिच्या चेहऱ्याचा एक घ्या, जुन्या तारखेनं भरून टाकू. तुमचीही नोकरी राहील."

सुगना आत भिंतीकडं तोंड करून पडलेली. दूध आलेलं, पाजायला कुनी न्हाई. त्या बाईला तिचं तोंड पायजे व्हतं. आता.

मी दारात आडवी बसले. म्हनले, "न्हाई."

"विचार करा, आजी."

"केला."

मोबाईल मातुर घेतला. पाय त्याच्यात तसाच हाय, खड्ड्यासकट. तो पुसनार न्हाई, कुनाला पुसू देनार न्हाई. विचारायला वरनं कोन यील त्याला पयला त्योच दावनार, कोन हसलं ते बी सांगनार. नोकरी जाती तर जाऊ दे. उद्यापास्नं कुनाचा बी पाय सुजला तर चिट्ठी मागनार न्हाई. उचलायची आन न्यायची.