जर्मनीला पाठवायचे वैशालीचे तास

हिंगणघाटच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात मी ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे मार्कांच्या-तासांच्या दाखल्यांच्या, टेबलावर बसते. परदेशी निघालेल्या पोरींचे कागद माझ्याच हातून जातात. फायली निकालात निघतात हो, किस्से मात्र साचत जातात! एकट्या वैशालीच्या फायलीनं जेवढे दिले, तेवढे अख्ख्या बॅचनं दिले नसतील.

वैशाली भाजीवाल्या शेतकऱ्याची पोरगी. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलनं तिला निवडलं होतं. फक्त तिकडच्या सरकारी ऑफिसनं आमची पदवी मान्य करायची होती. ठरल्या मुदतीत नाही केली, तर जागा दुसरीला!

*

तिचे बाबा एकदा पिशवीभर वांगी घेऊन ऑफिसात आले.

"मॅडम, तुमी पोरीले चार वर्षं घासून पास केलं. मंग ते लोकं पुन्हा काऊन तपासून राह्यले?"

म्हटलं, "काका, देशादेशांत करार असतात, एकमेकांच्या पदव्या मानायचे. पण तपासूनच मानतात."

"बराबर हाय. माह्यं वांगं बी कोनी दाबून पाह्यल्याशिवाय घेत नाई. पाहू द्या त्याइले. कीड निघनार नाई!"

*

कागद कॉलेजनंच सीलबंद पाठवायचे, असा नियम. आमच्या शिपाई गणपतभाऊंनी पाकीट चिकटवलं, शिक्का मारला आणि वर हळदी-कुंकू लावलं. "आपल्या कॉलेजचा कागद पयल्यांदा जर्मनीले चालला, कोरा कसा धाडू?"

तिकडून मेल आला: पाकिटावर लाल-पिवळे डाग आहेत. कोणी पाकीट उघडलं होतं का?

प्राचार्य मॅडमनी लेटरहेडवर उत्तर दिलं: 'डाग हळदी-कुंकवाचे असून ते अधिकृत आहेत.'

चाललं की!

*

मग तिकडच्या ऑफिसला मार्क कमी वाटले. शंभरातले अडुसष्टच?

मी घाबरत मॅडमकडे गेले. मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, "लिही, आमच्याकडे सत्तर टक्के मी स्वतःलासुद्धा देत नाही!"

मी तसंच लिहिलं. त्यावर पुन्हा शंका आली नाही.

*

खरं अडलं ते तासांवर. खेड्यातल्या ड्युटीचे तास दाखवा म्हणे. आमच्या रजिस्टरात दिवस लिहिलेले, तास कोणी लिहिलेच नाहीत! मुदतीला आठ दिवस उरले होते. वैशाली माझ्या टेबलापाशी रडायलाच लागली. "मॅडम, चार वर्षं केलं सारं, अन् इथं अडकली!" मला इतका राग आला, की चहा तसाच थंड झाला.

शेवटी ते ऑफिस म्हणालं, कोणी साक्षीदार असेल तर व्हिडिओ कॉलवर बोलवा.

वैशालीची ड्युटी कोलाम आदिवासींच्या एका वस्तीजवळच्या उपकेंद्रात होती. गणपतभाऊ तिथून एका म्हाताऱ्या आजीला घेऊन आले. आजी पदर सावरून लॅपटॉपसमोर बसली. पलीकडे जर्मन बाई, हातात पेन. प्राचार्य मॅडम दोघींमध्ये इंग्रजीतून भाषांतर करत होत्या.

बाईनं विचारलं, "ही मुलगी तुमच्याकडे किती तास काम करत होती?"

आजी म्हणाली, "घड्याळ कोन पाह्यते वो बाई? माह्या सुनेले कळा सुरू झाल्या तवा आली, नातू रडला तवा गेली."

मॅडमनी शब्दन् शब्द सांगितला. बाईनं काहीतरी लिहिलं.

त्याच आठवड्यात मान्यतेचं पत्र आलं. तासांच्या रकान्यात आकडा नव्हता. एकच शब्द होता: पूर्ण.