बूट गोलात, चेंडू बाहेर

नायगावच्या बीडीडी चाळीतला दौलत तांबे परळच्या एका गिरणीत लागला तो निव्वळ पायांच्या जोरावर. गिरणीची फुटबॉलची टीम होती आणि दौलत डाव्या बगलेनं सुटला की भल्याभल्यांची भंबेरी उडे. खेळायचा अनवाणी, घोट्याला पट्टी बांधून. टीमवाल्यांना सरावासाठी दुपारीच खात्यातून सुट्टी मिळे, म्हणून बाकीचे कामगार त्याला गिरणीचा जावई म्हणत. त्यालाही ते आवडे, उगाच खोटं कशाला बोला.

मग सामन्यांत बूट सक्तीचे झाले आणि जावयाची मिजास उतरली. बुटात पाय आंधळा झाला. सवय व्हावी म्हणून तो घरातही बूट घालून वावरू लागला. "आता पाटावरही बुटानंच बसा," बायको रमाबाई म्हणाली.

फायनलला शेवटी शेवटी पेनल्टी मिळाली. चेंडू पायाला जरा तरी कळावा म्हणून दौलतनं नाडी सैल सोडली आणि सणसणीत लाथ हाणली. बूट गोलात गेला, चेंडू खांबाबाहेर.

सगळं मैदान हसलं. समोरच्या चाळीतला लवू परब तर दिसेल तिथं ओरडे, "दौलत्या, गोल तुझ्या बुटान केल्यान मरे!" टीममधली जागा गेली, दुपारची सुट्टी गेली. त्याचं त्याला एवढं वाटलं नाही. लोकांच्या हसण्यानं मात्र तो खचला. बूट त्यानं माळ्यावर फेकले आणि मैदानाचा रस्ता सोडला.

तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. हरताळ पडला, गिरण्या बंद झाल्या, गोळीबाराच्या बातम्या येऊ लागल्या. चाळीतली पोरं दगड घेऊन नाक्याकडे धावत. लवूचा शिवा सगळ्यांच्या पुढे. शेवटी लवूच दौलतच्या दारात आला. "ह्या पोराक आवर रे. माझा ऐकना नाय."

दौलतनं जुना चेंडू काढला आणि पोरांना चाळीमागच्या मैदानात नेलं. शिवाचा डावा पाय बघून तो चरकलाच. हुबेहूब त्याचाच पाय! अनवाणी खेळू द्यावं, असं मनापासून वाटलं. पण तसं खेळून पोरगा चाळीबाहेर जाणार नव्हता. दौलतनं माळ्यावरचे बूट उतरवले, पुढं चिंध्या कोंबल्या आणि शिवाच्या पायात चढवले. पोरगा फोड दाखवी, दौलत नाडी आणखी आवळी. अशी चार वर्षं गेली.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात गिरणीनं टीमसाठी नवी पोरं बघायला बोलावली. निवड झाली की नोकरी. शिवाच्या वाट्याला पेनल्टी आली. तो खाली वाकला, नाडीकडे हात गेला. काठावरच्या जुन्या कामगारांना आठवलं, खसखस पिकली. लवू तेवढा हसला नाही.

"शिवा, नाडीला हात लावू नको!" दौलत ओरडला.

शिवा सरळ झाला, धावला, चेंडू हाणला. मैदानात एकच गलका उठला.

"गोल झालो रे, दौलत्या!" लवूनं त्याला मिठी मारली.

"थांब, मला बूट बघू दे."

दोन्ही बूट शिवाच्या पायात होते. मग दौलत रडला.