जात्याचा खालचा दगड

सव्वा महिना झाला. सातवीच्या वर्गात मी अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होतो आणि शिपाईमामा दारात येऊन नुसतेच उभे राहिले. मी खेकसलो, "काय झालं? बोला की!" तर म्हणाले, "सर, शालन बाई गेल्या." आदल्याच आठवड्यात मी मिरजेच्या दवाखान्यात त्यांना भेटून आलो होतो. त्या रजेवर होत्या म्हणून त्यांचा निर्वासितांवरचा पाठ माझ्या गळ्यात पडला होता, आणि मी टाचण धड काढलं नाही म्हणून बाईंनी पलंगावरून मला झापलं होतं. नाकात नळी, आवाज बसलेला, तरी झापलं! मला वाटलं, एवढं झापणारं माणूस कुठं जातंय...

आमची शाळा सांगलीची, माधवनगर रस्त्यावरची. बाई इतिहास आणि नागरिकशास्त्राच्या, मी गणिताचा. वीस वर्षं शेजारी शेजारी खुर्च्या, आणि वीस वर्षं भांडण. कारण त्यांचा तो पाठ. पुस्तकात दोन परिच्छेद, पण बाई त्यावर पंधरा दिवस घालवायच्या आणि माझे तास मागून न्यायच्या. वर्गात त्यांच्या टेबलाखाली एक गोल, जड दगड असायचा, मधोमध भोक असलेला. दरवर्षी तो बाहेर ओढून विचारायच्या, "हे काय हाय?" पोरं म्हणायची, गाडीचं चाक, पैलवानाचं वजन, काय वाट्टेल ते. मग बाई सांगायच्या. सातारा जिल्ह्यातलं त्यांचं गाव धरणाखाली गेलं तेव्हा त्या चौथीत होत्या. ट्रक आला. वडिलांनी जात्याचा वरचा दगड उचलून ट्रकात ठेवला, खालचा आणायला घरात वळले आणि ड्रायव्हरनं गाडी काढली. वडील पळत येऊन कसेबसे चढले, दगड राहिला. नव्या वसाहतीत, पूर्वेकडच्या कोरड्या माळावर, आईनं तो अर्धा संसार जन्मभर दाराशी जपला. "एका दगडानं दळण होतं व्हय?" बाई विचारायच्या. "न्हाई!" "मग आईनं टाकून का दिला न्हाई?" आणि मग त्या जगातल्या निर्वासितांकडं वळायच्या. एक गोष्ट मात्र बजावून सांगायच्या, "मी निर्वासित न्हवं. मला सरकारनं जमीन दिली, माझा देश माझाच राहिला. निर्वासिताला जीव वाचवायला देशच सोडावा लागतो, आणि मागं फिरलं तर दार बंद असतं."

मोठा पूर आला त्या वर्षी हे शिकवायची वेगळी गरज नव्हती. निम्म्या पोरांनी गच्चीवर दिवस काढले होते, मीही काढले. त्याच हिवाळ्यात पेमा आमच्या सातवीत आली. सांगलीत थंडीला तिबेटी लोक स्वेटर विकायला येतात, त्यातलं हे कुटुंब. आजोबांचा इलाज मिरजेत चालला होता म्हणून यांनी खोली घेतली आणि पोरीला आमच्या शाळेत घातलं. तिचा जन्म कर्नाटकातल्या वसाहतीतला. हिंदी, कन्नड फाडफाड, मराठी अडखळत. दुसऱ्याच दिवशी पोरं तिला 'चिनी' म्हणायला लागली. बाईंनी तिच्या आजोबांची गोष्ट वर्गाला सांगितली, चिडवणं थांबलं आणि दया सुरू झाली. ती जास्त वाईट, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

कारण पुढचा शहाणपणा माझा. कोठीत पूरग्रस्तांसाठी आलेली किटं शिल्लक होती. बादली, चटई, बिस्किटं, दोन चादरी. बाई प्रशिक्षणाला गेल्या होत्या. मी वर्गातली चाळीस पोरं घेऊन पेमाच्या आईच्या दुकानावर धडकलो, बादली तिच्या हातात दिली आणि मोबाईल काढला. पुरानंतर सगळ्यांना सवयच लागली होती हो, दिलं की फोटो! पेमाची आई चादरीकडं बघत राहिली. मागं ढीगभर स्वेटर, मफलर, ब्लँकेट. म्हणाली, "सरजी, हमने मांगा था क्या?" पेमा स्वेटरांच्या मागं जाऊन बसली ती बाहेर आलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचं शाळेत येणं बंद. आठ दिवस झाले, आई म्हणाली, आता नाव काढून टाका.

बाई परतल्या आणि शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर माझ्यावर घसरल्या. "पाटील सर, गच्चीवर तुमच्या हातात पुडा देऊन फोटो काढला तवा कोण शिव्या घालत होतं?" मीच घालत होतो. मग त्यांनी वर्गातल्या दोघींना तिच्याकडं पाठवलं. "रिकाम्या हातानं जायचं. काय पायजे एवढंच विचारायचं आणि ऐकून यायचं." पोरी धापा टाकत परत आल्या. "बाई, ती म्हणती, माझी गोष्ट दुसऱ्यांनी का सांगायची? मीच सांगणार. मग येते!"

आणि आली की! बाईंनी टेबल मोकळं करून दिलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर बसल्या. पेमानं फळ्यावर डोंगर काढले. आजोबा दहा वर्षांचे असताना गोळीबारातून निसटून बर्फ तुडवत आले, मोडक्यातोडक्या मराठीत तिनं सगळं सांगितलं. "आजोबांनी काय आणलं? याकचा दोर. याक तिकडंच राहिला." पोरं खो खो हसली, आणि टेबलाखालच्या दगडाकडं लक्ष जाऊन एकदम गप्प झाली. शेवटी तिनं मागच्या बाकाकडं बघून विचारलं, "बाई, तुम्हाला कुणी विचारलं का, काय पाहिजे म्हणून?"

गाव बुडाल्यापासून चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून मीही नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते. बाई हसल्या, "खालचा दगड, बाळा."

आमची पोरं म्हणजे... ऐकलं की सुटली! कुपवाडच्या वाटेवर पाटे-वरवंटे घडवणारे एक म्हातारे बसायचे, त्यांना हाताला धरून शाळेत आणलं. त्यांनी वरच्या दगडावर बोटं फिरवून माप घेतलं आणि पंधरा दिवसांत खालचा घडवून दिला. रंग जुळत नव्हता, वरचा काळा आणि खालचा करडा. एका शनिवारी सकाळी बाई एका बाजूला बसल्या, पेमा दुसऱ्या बाजूला. दोघींनी खुंटा धरला. दोन फेरे नुसती खरखर, आणि मग कडेनं ज्वारीचं पीठ सांडायला लागलं. काय आरडाओरडा केला पोरांनी! पेमाची आई दुकान सोडून आली होती, तीही टाळ्या पिटत होती. बाईंनी आपल्या आईची ओवी धरली, दुसरी ओळ अर्धीच सुटली, पण हात थांबवला नाही. मी पीठ गोळा करायला बसलो. गणिताचा मास्तर, मिशीला पीठ!

पेमा आता नर्सिंगला आहे. बातमी कळल्यावर फोनवर खूप रडली आणि म्हणाली, "सर, जातं बंद ठेवू नका."

जातं सातवीच्या वर्गातच आहे. परवा सोमवारी मी बाईंचा पाठ काढला. टाचण नीट काढलं होतं, बाई! दगडांची गोष्ट सांगितली, बाई बसायच्या त्या बाजूला खाली बसलो, खुंटा धरला. आणि हात हलेना. पोरं ताटकळलेली. तेवढ्यात एक पोरगी फतकल मारून समोर बसली, मूठभर ज्वारी भोकात टाकली आणि म्हणाली, "आवं सर, नुसतं धरून काय बसलाय? ओढा की!"

ओढलं. पीठ पडलं.